बातमी आधी कुणी सांगायची?

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. सुनेला दिवस गेले की तीन महिने पुरे होईपर्यंत त्याचा उच्चार करायचा नाही. नवऱ्याला ठाऊक असतं, माहेरी आईला ठाऊक असतं, सासूला सुनेच्या ताटातल्या उरलेल्या भाकरीवरून संशय येतोच. पण कुणी बोलून दाखवत नाही. मग एक दिवस सूनच हळूच सांगते, आणि तिथून पुढे ती बातमी घराची होते. लग्न होऊन आले तेव्हा मी शिकलेली सून म्हणून या रीतीला हसत असे. आता हसत नाही. का, ते सांगते.

आम्ही मलकापूरला राहतो. मलकापूर म्हटलं की कुणी बुलढाण्याचं समजतं, कुणी शाहूवाडीचं. आमचं कराडला खेटून असलेलं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं, आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याचं. शेजारच्या घरी दोन सुना. त्यातली लहान जी आहे तिला आपण ‘धाकटी’च म्हणू, नाव कशाला हवं? पोरगी गुणी. बी. कॉम. झालेली, घरातला हिशेब तिच्याच हातात. आणि घरातला चांगला फोनही तिचाच. आता चांगला फोन म्हटला की तो एकटीचा राहतो का? दुपारची जेवणं झाली की आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, तो मागून घेतात. आधी कीर्तन, मग पाककृती, मग डोळा लागेपर्यंत आणखी काहीबाही.

धाकटीने त्या फोनवर पाळीच्या तारखा लक्षात ठेवणारं एक ॲप घेतलं होतं. सोय म्हणून. बऱ्याच मुलींच्या फोनवर असतं, तुमच्या लेकीच्याही असेल. त्या महिन्यात पाळी चुकली. तिने ॲपवर तशी नोंद केली, मग फोनवरच दोन-चार प्रश्न विचारले. उलटीवर काय घ्यावं, पपई खाल्ली तर काय होतं, असले. घरात कुणाला न सांगता केलं, आणि नवऱ्याला म्हणाली, “अजून आत्यांना नको हं सांगायला. तीन महिने जाऊ देत.”

चार दिवसांनी आत्याबाई दुपारी थालीपिठाचा व्हिडिओ बघत बसल्या होत्या. मध्येच जाहिरात आली, लहान बाळाच्या लंगोटांची. ती गेली, दुसरी आली. पोटावरचे वण जाण्याच्या तेलाची. तिसरी गर्भवतीने घ्यायच्या पावडरीची. आत्याबाई चौथी शिकलेल्या आहेत पण हुशार आहेत. म्हातारीने चष्मा सारखा केला आणि सैपाकघरात हाक मारली, “अगं ए, ह्यो फोन काय म्हनतोय? काय हाय का आमाला सांगन्यासारखं?”

धाकटीचा चेहरा बघूनच त्या काय ते समजल्या. आनंदाने त्यांना काय करू नि काय नको झालं. संध्याकाळपर्यंत बातमी उंब्रजच्या बहिणीकडे पोचली, रात्री थोरल्या लेकीकडे. मलाही त्यांनीच कुंपणावरून सांगितली. मी पेढा खाल्ला, खोटं कशाला बोलू?

दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं पुष्कळ जणींना, तुझी काही चूक नाही. पण आता पंधरा घरांना ठाऊक होतं. पंधरा घरांतून फोन आले. काय खाल्लं होतंस, गाडीवरून गेली होतीस का, कुणाची नजर लागली का. जे दुःख नवरा-बायकोने आणि फार तर आईने मिळून गिळायचं, ते ओसरीवर आलं. आत्याबाईही खचल्या. त्यांना वाटे, आपणच बोलून घालवलं.

आणि तो फोन? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! तो आपला दर आठवड्याला निरोप देई, “तुमचं बाळ आता लिंबाएवढं झालं आहे.” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. एकीने रांगोळीचा नमुना बघायला फोन मागितला. दोन बोटं फिरवली न फिरवली तोच पडद्यावर पाळणा. बाई समंजस होती, काही न बोलता फोन परत दिला. धाकटी वाणाचं तबक घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

हे सगळं झाल्यावर आम्ही बायका काय म्हणत होतो? की फोन चोरून ऐकतो. तुम्हीही म्हणत असाल. आपण पंख्याबद्दल बोललो आणि लगेच पंख्याची जाहिरात आली, असा अनुभव कुणाला नाही? मी भाच्याला विचारलं. तो पुण्यात याच कामात आहे. तो हसला. म्हणाला, “मावशी, कान लावून बसायची त्यांना गरजच नाही. तुम्ही स्वतःच सगळं लिहून देता.” प्रत्येक फोनला जाहिरातीसाठी एक ओळखनंबर असतो. ॲपमध्ये भरलेली तारीख, शोधलेला प्रश्न, दुकानात सांगितलेला मोबाईल नंबर हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी दिलं तरी अशा नंबरांनी एका दोऱ्यात ओवता येतं. पाळी चुकली, पपई विचारली, उलटीचं औषध शोधलं. सुईणीलाही एवढ्यावर कळेल, तर यंत्राला का नाही?

परदेशात हे केव्हाच घडून गेलंय. अमेरिकेत टार्गेट नावाची मोठी दुकानं आहेत. गिऱ्हाईक काय घेतं यावरून कोणत्या बाईला दिवस गेले असतील याचा अंदाज ते दुकान बांधत होतं, हे २०१२ साली तिथल्या वर्तमानपत्रात आलं. एका बापाला आपल्या मुलीची गोष्ट त्या दुकानाच्या सवलतीच्या कूपनांवरून कळली, ही हकीकतही तेव्हा गाजली. ती अक्षरशः तशीच घडली का यावर पुढे लोकांनी शंका घेतली. पण अंदाज बांधण्याचा उद्योग खराच होता.

मग आलं ‘फ्लो’चं प्रकरण. पाळीच्या नोंदी ठेवणारं हे ॲप जगभर दहा कोटींहून जास्त जणींनी घेतलेलं. माहिती गुप्त ठेवू, असं वचन देऊन त्यांनी ती फेसबुक, गूगल वगैरेंच्या जाहिरात-विश्लेषणाच्या शाखांकडे जाऊ दिली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ठेवला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण तडजोड केली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने याच प्रकरणात फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, जबाबदार धरलं. धाकटीच्या फोनवर हेच ॲप होतं असं मी म्हणत नाही. पण ही माहिती कुणाकुणाला हवीशी असते, एवढं तर यातून दिसतं.

आता तुमच्या घरचे काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. आमचे ‘हे’सुद्धा तेच म्हणाले. “आपण साधी माणसं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?” मी म्हटलं, बरं, मग पगाराची स्लिप कपाटाच्या आतल्या कप्प्यात कुलपात का असते? तर म्हणे ते वेगळं! वेगळं कसं? अहो, पूर्वीच्या घराला ओसरी होती, माजघर होतं, त्याच्या आत सैपाकघर नि देवघर होतं. सोयरा ओसरीवर बसे, जवळचा माजघरापर्यंत येई. ओसरीवर कुणी चोर म्हणून बसवत नसे, आणि आत काही पाप चाललेलं नसे. कोणती गोष्ट कुठपर्यंत जावी याचा तो हिशेब होता. बाईचा तर सगळा संसारच त्या हिशेबावर चाले. माहेरचं सासरी किती सांगायचं, सासरचं माहेरी किती, नवऱ्याच्या नोकरीचं शेजारी किती. हे ज्या बाईला जमलं तिला आपण शहाणी म्हणतो. तो हिशेब आता आपल्या हातून कुणी न विचारता काढून घेतोय, माझं भांडण आहे ते तेवढ्याशी.

यंत्राशी माझं भांडण नाही. मलकापूरकरणीला ते शोभणारही नाही. कारण आमच्या घरांवर यंत्राची नजर आली ती फोनच्या आधी, पाण्याच्या मीटरच्या रूपाने. २००९ च्या सुमारास आमच्याकडे चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने आखलेली, कोयनेचं पाणी. तेव्हा मलकापूर नगरपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. देशात एवढ्या लहान गावात असं काही होतं याचं तेव्हा नवल झालं, लांबलांबचे अधिकारी बघायला येत. ज्या बायकांनी पहाटे उठून नळाला कान लावलाय, हंडे, पिंप, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवली आहेत, त्यांनाच कळेल आम्हाला काय मिळालं ते. माझं पिंप मी भंगारवाल्याला दिलं त्या दिवशी मला सुतक सुटल्यासारखं वाटलं!

पण पाणी चोवीस तास म्हणजे मीटर आलाच. त्या वेळी बसवलेल्या मीटरात रेडिओचा लहानसा संच होता. आकडा घ्यायला माणूस घरात यायची गरज नाही. रस्त्यावरून जाता जाता त्याच्या हातातल्या यंत्रावर घराघराचा आकडा उमटे. जास्त वापर, जास्त दर. पहिल्यांदा आम्ही कुरकुरलो. “आता आंघोळीच्या तांब्यांचीबी मोजणी हुनार,” असं आमच्या आळीतल्या एक आजी म्हणत. तरी ते यंत्र आम्ही पत्करलं. का पत्करलं याचा मी अलीकडे पुष्कळ विचार केला. एक तर ते काय मोजतं हे ठाऊक होतं. पाणी, दुसरं काही नाही. कशासाठी मोजतं हेही ठाऊक होतं, बिलासाठी. आणि बिल चुकलं तर भांडायला जागा होती. पालिकेच्या दारात जाऊन टेबलावर बिल आपटता येई, नगरसेवकाला वाटेत गाठता येई. धाकटीने कुणाच्या टेबलावर फोन आपटायचा?

हेच मीटर उद्या तासातासाला आकडा देऊ लागले तर मात्र गोष्ट बदलेल. घर कधी उठतं, पाहुणे कधी आले, कुलूप कधी लागलं हे पाण्याच्या नि विजेच्या आकड्यावरून वाचता येतं. नेदरलँड्समध्ये २००९ साली घरोघर सक्तीने स्मार्ट वीजमीटर बसवायचा बेत तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात याच कारणाने अडला. सक्ती गाळून पुढे तो आणावा लागला. आपल्याकडे महावितरणच्या स्मार्ट मीटरवरून २०२४ साली केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्यात भांडण सगळं पैशाचं, आधी पैसे भरायचे की मागून, बिल वाढणार की काय. ते बरोबरच होतं म्हणा. आता वेळेनुसार वापर नोंदणारे मीटर येताहेत, जुलै २०२५ पासून दिवसाच्या वापराला दरात सवलत आहे. सवलत जरूर घ्या, इस्त्री दुपारी करा. पण आमच्या घराच्या वेळांची ही वही कोण बघतं, किती दिवस ठेवतं, हे बायकांनी विचारलेलं मी ऐकलं नाही. विचारायला हवं होतं, आणि त्यात मीही आले.

दुकानातली गोष्ट तर आपण रोज करतो. गेल्या दिवाळीत कराडात एका दुकानात दोन परकर घेतले. पैसे काढले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “मोबाईल नंबर?” मागे रांग. मी मुकाट्याने सांगितला, तोही मोठ्याने, चार माणसांत. परकर दोन आणि त्यानंतर कर्जाचे, प्लॉटचे, जिमचे फोन मोजलेच नाहीत. नंतर कळलं की नंबर द्यावाच लागतो असं काही नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय की नंबरासाठी गिऱ्हाईकाची अडवणूक करू नका. हल्ली मी हसून म्हणते, “नंबर नाही देत हं मी, कागदावरचं बिल द्या.” पहिल्या वेळी जीभ अडखळते. दुसऱ्या वेळी नाही. एकदा तर माझ्या मागच्या बाईनेही लगेच, “मी पण नाही देत” म्हटलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये साडीतल्या फोटोंची लाट आली होती, ती आठवते? गूगलच्या जेमिनीवर आपला फोटो टाकायचा की जुन्या सिनेमातल्यासारखी शिफॉनची साडी नेसवून मिळे. आमच्या भिशीतल्या सगळ्याजणींनी केलं. मीही केलं, आणि छान दिसले, का नाही सांगू! मग एका मुलीचा व्हिडिओ फिरला. तिने टाकलेल्या फोटोत न दिसणारा अंगावरचा तीळ यंत्राने काढलेल्या चित्रात होता म्हणे. योगायोग की आणखी काही, लोक भांडत बसले. मला विचाराल तर तिळापेक्षा मोठी गोष्ट ही, की आपण सासूला न दाखवलेले फोटो एका अनोळखी दुकानात हौसेने ठेवून आलो. लेकीचे, नातीचे तरी त्यात टाकू नका.

कायदा नाही असं मात्र नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बऱ्याचशा जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे सून बाळंत होऊन बाळ चालायला लागेपर्यंत थांबा! पण त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. तुमची माहिती कशासाठी हवी याची सूचना तुम्हाला मराठीतूनही मिळाली पाहिजे, अशी तरतूद आहे. इंग्रजीतल्या वीस पानांखाली ‘मान्य’ असं बोट ठेवून आपण मोकळ्या होतो. आत्याबाईंना वाचता येईल असं त्यांनी लिहून दाखवावं, मग बघू.

तोवर घरात काय करता येतं? धाकटीच्या फोनवर आम्ही एक दुपार घालवली, ते सांगते. तिने रागाने ॲप आधीच काढून टाकलं होतं, पण नुसतं काढून भागत नाही; वही त्यांच्याकडेच राहते. पुन्हा घेऊन, आत जाऊन, आधी आपलं खातं आणि नोंदी पुसायला सांगितल्या, मग काढलं. फोनच्या सेटिंगमध्ये गूगलच्या भागात जाहिरातींचं पान असतं. तिथून तो ओळखनंबर पुसून टाकला. जाहिरातींचे नको असलेले विषय कमी करायचीही सोय आहे, आणि ती यादी मी वाचली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. दारू, जुगार, वजन घटवणं, आणि त्याच रांगेत ‘गर्भारपण आणि पालकत्व’. म्हणजे हे दुखतं, हे त्यांनाही ठाऊक आहे! ते बंद केल्यावर पाळणे हळूहळू थांबले. मग एकेका ॲपची परवानगी बघितली. विजेरीच्या ॲपला आपण कुठे जातो ते कशाला हवं? काढली. भाजीच्या हिशेबाच्या ॲपला फोनमधली सगळी नावं-नंबर हवे होते. तेही काढलं. आत्याबाईंसाठी धाकट्या दिराचा जुना फोन दुरुस्त करून आणला, नऊशे रुपये लागले. त्यावर आता फक्त कीर्तन आणि थालीपीठ.

आत्याबाई हे सगळं बघत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, “काकू, मला त्या येळी वाटलं, पोरीनं मला सांगितलं न्हाई, फोनला सांगितलं.” धाकटीने मान वर केली नाही. पण संध्याकाळी चहा टाकताना तिने आत्याबाईंना बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं, किती दुखलं तेही.

आता तिच्या सैपाकघरात कालनिर्णय लावलेलं आहे. त्यावर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या असतात, गॅसच्या सिलिंडरची तारीख असते, भिशीचा आकडा असतो. त्यांच्यातच कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीकसं टिंब असतं, दर महिन्याला एक. या महिन्यात ते अजून पडलेलं नाही. आत्याबाई रोज सकाळी दुधाची फुली करायला त्याच पानापाशी उभ्या राहतात. त्यांनी विचारलेलं नाही, आणि मीही.